पूर्वनिर्मित इमारती आणि त्यांचे सांधे

गावाबाहेर नवे प्लॉट पडले की त्यांच्याभोवती सर्वांत आधी उभे राहते ते सिमेंटच्या फळ्यांचे कुंपण. ठराविक अंतरावर खाचा असलेले खांब रोवायचे आणि त्या खाचांत फळ्या एकावर एक सरकवायच्या, एवढेच त्याचे तंत्र. विटा नाहीत, गिलावा नाही, पाणी मारणे नाही. अशा भिंतीला हाताने जोर दिला तर फळी खाचेत खुळखुळते. कुंपणाला तेवढे पुरते, कारण त्याच्यावर कोणाचा भार नसतो आणि त्याच्याखाली कोणी झोपत नाही. परंतु कारखान्यात तयार केलेले सिमेंटचे भाग आणून एकमेकांवर बसवायचे, हीच कल्पना आज दहा-वीस मजल्यांच्या घरांसाठी वापरली जात आहे. तेथे फळी खुळखुळून चालत नाही. म्हणून या इमारतींचा खरा अभ्यास हा त्यांच्या भिंतींचा वा स्लॅबचा नसून त्यांच्या सांध्यांचा अभ्यास आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. तेव्हा हा विषय अभियंत्यांचा, त्यात तुमचे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. पूर्वनिर्मित बांधकाम निवडले जाते ते बहुधा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून. म्हणजे निर्णयाचे मूळ हिशेबात आहे. आणि ज्याचे मूळ हिशेबात आहे, त्याची जबाबदारीही हिशेब करणाऱ्याने समजून घेतली पाहिजे.

एकसंध आणि जोडलेले

नेहमीचे आर.सी.सी. बांधकाम आपण रोज पाहतो. सेंटरिंग लावतात, सळ्या बांधतात आणि जागेवर काँक्रीट ओततात. खांबाच्या सळ्या खालच्या मजल्यातून वरच्या मजल्यात जातात, तुळईच्या सळ्या खांबात शिरून अडकतात, स्लॅबच्या सळ्या तुळईत जातात. काँक्रीट सुकल्यावर सारा सांगाडा एक होतो. दाब सोसण्याचे काम मुख्यतः काँक्रीट करते आणि ताण सोसण्याचे काम सळई करते. एखाद्या जागी भार वाढला तर शेजारचे भाग तो वाटून घेतात. घरात एक माणूस आजारी पडला की बाकीचे त्याचे काम उचलतात, तसाच हा प्रकार.

पूर्वनिर्मित पद्धतीत भिंत, तुळई, जिना, कधी अख्खी खोली कारखान्यात साच्यात ओतली जाते. तेथे काँक्रीटचे प्रमाण मोजून घेता येते, पाणी नीट देता येते, तपासणी करता येते. त्यामुळे एकेक भाग जागेवर ओतलेल्या भागापेक्षा सरसही असू शकतो. मात्र क्रेनने ते भाग शेजारी शेजारी ठेवले की दोहोंच्या मध्ये एक फट उरते. सळई त्या फटीपाशी तुटलेली असते. एकसंधपणा जो आपोआप मिळत होता, तो आता मुद्दाम निर्माण करावा लागतो. हे काम कारखान्यात होत नाही. ते उंचावर, उन्हापावसात, घाईत आणि माणसाच्या हातांनी होते. थोडक्यात सांगायचे तर, इमारतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग सर्वांत अवघड जागी तयार होतो.

आमच्या सीमाभागात दोन्ही भाषा कानांवर पडतात, म्हणून एक गोष्ट सहज लक्षात येते. मराठीत ‘सांधा’ म्हणजे जोड आणि ‘सांद’ म्हणजे दोन घरांमधली अरुंद फट. कानडीत ‘संदु’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. पूर्वनिर्मित इमारतीतल्या प्रत्येक सांध्याची हीच गोष्ट आहे. नीट भरला तर तो जोड, न भरला तर ती फट. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

सांध्यांचे प्रकार

सांधे ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात, ओले आणि कोरडे. ओल्या सांध्यात दोन्ही भागांतून बाहेर काढून ठेवलेल्या सळ्या एकमेकींत गुंतवतात आणि मधल्या जागेत काँक्रीट किंवा ग्राउट भरतात. भिंतींच्या उभ्या सांध्यात बहुधा सळईचे फासे ठेवलेले असतात. दोन्ही भिंतींचे फासे एकावर एक आले की त्यांच्यामधून एक उभी सळई सोडतात आणि मग काँक्रीट ओततात. भिंतींच्या कडांना दातऱ्या ठेवतात, म्हणजे भरलेले काँक्रीट त्यांत अडकून भिंती एकमेकींवर घसरत नाहीत. कोरड्या सांध्यात काँक्रीटमध्ये आधीच बसवलेल्या लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने किंवा बोल्टने जोडतात. हे काम लवकर होते. परंतु लोखंडाला गंजापासून व आगीपासून जपावे लागते, आणि वेल्डिंग करणारा कारागीर कसलेला असावा लागतो.

खांबावर खांब उभा करण्यासाठी एक सुटसुटीत युक्ती रूढ झाली आहे. हवाईमधील अभियंते आल्फ्रेड यी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ती शोधून काढली. वरच्या खांबाच्या तळाशी लोखंडी नळ्या बसवलेल्या असतात. खालच्या खांबातून वर आलेल्या सळ्या त्या नळ्यांत शिरतात. मग नळीच्या खालच्या तोंडातून न आकसणारे ग्राउट पंपाने भरतात. वरच्या तोंडातून ते बाहेर येऊ लागले की नळी भरली असे समजतात. सुकल्यावर खालची सळई आणि वरची सळई जणू एकच असल्यासारखे काम करते. ग्राउट ‘न आकसणारे’ का हवे, तेही लक्षात घेतले पाहिजे. साधा सिमेंटचा लगदा सुकताना थोडा आकसतो. नळीत तो आकसला तर सळई सैल राहील, आणि ताण एका सळईतून दुसरीत जाणारच नाही.

ही युक्ती जितकी चांगली तितकीच ती काटेकोरपणा मागते. खालची सळई थोडी जरी बाजूला सरकलेली असली तरी वरचा खांब बसत नाही. क्रेनला टांगलेला काही टनांचा खांब हवेत लोंबकळत आहे, खाली माणसे थांबली आहेत, अशा वेळी आडवी येणारी सळई वाकवण्याचा किंवा सरळ कापून टाकण्याचा मोह होतो. खांब मग सुबक बसतो आणि वरून काहीही दिसत नाही. त्या जागी सांधा मात्र राहिलेला नसतो.

रोनन पॉइंटचा धडा

सांध्यांचे महत्त्व जगाला ज्या घटनेने शिकवले ती लंडनमध्ये घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये घरांची मोठी टंचाई होती. लवकर आणि पुष्कळ घरे हवी होती. तेव्हा डेन्मार्कमधील लार्सन-नील्सन पद्धतीने मोठमोठ्या पूर्वनिर्मित भिंतींचे मनोरे उभारण्यात आले. पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागातील रोनन पॉइंट ही त्यांपैकीच एक २२ मजली इमारत. १९६८च्या मार्चमध्ये तेथे भाडेकरू राहायला आले.

१६ मे १९६८ रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास १८व्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी काडी ओढली. गॅसच्या जोडणीतील एका नटातून गळती झालेली होती. स्फोट झाला आणि त्या घराच्या कोपऱ्यातील बाहेरची भिंत निखळून पडली. त्या भिंतीवर वरच्या चार मजल्यांचा कोपरा उभा होता, तो खाली आला. त्या ढिगाऱ्याच्या आघाताने खालचे मजले एकापाठोपाठ एक कोसळत थेट जमिनीपर्यंत गेले. ४ जण मृत्युमुखी पडले, १७ जखमी झाले. काडी ओढणारी बाई मात्र वाचली.

स्फोट फार मोठा नव्हता. मग एका स्वयंपाकघरातल्या स्फोटाने २२ मजल्यांचा कोपरा कसा गेला? ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. उत्तर सांध्यात सापडले. या रचनेत स्लॅब भिंतीच्या डोक्यावर टेकत होता आणि वरची भिंत त्यावर उभी होती. भिंत जागेवर राहत होती ती मुख्यतः वरून येणाऱ्या वजनामुळे आणि मधल्या मसाल्याच्या पकडीमुळे. तळमजल्यावर वरचे वजन प्रचंड, म्हणून पकडही घट्ट. परंतु १८व्या मजल्यावर वर केवळ चार मजले होते, तेव्हा तेथील पकड कमी. आतून बाहेर ढकलणारा जोर आला तेव्हा भिंतीला धरून ठेवणारे दुसरे काही नव्हते. शिवाय एक भिंत गेल्यावर भार दुसरीकडे वळवण्याची सोयही रचनेत नव्हती. आणि ही इमारत त्या वेळच्या नियमांप्रमाणेच बांधलेली होती! नियमांनी ज्याचा विचारच केला नव्हता, ते घडले होते.

नियम बदलले. १९७० मध्ये ब्रिटनच्या बांधकाम नियमांत दुरुस्ती झाली. पाच किंवा अधिक मजल्यांच्या इमारतीत एखादा आधार निघून गेला तरी पडझड थोड्या भागापुरतीच राहिली पाहिजे, अशी अट आली. हे शक्य नसेल तेथे तो आधार दर चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन, इतका दाब सोसणारा हवा. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसे आणि सामान यांचा भार २ किलोन्यूटन धरतात. त्याच्या हा १७ पट आहे. तेव्हापासून इमारतीला ‘बांधून’ ठेवणाऱ्या सळ्यांचा विचार जगभर होऊ लागला. प्रत्येक मजल्याच्या कडेने फिरणाऱ्या, मजल्यातून आरपार जाणाऱ्या आणि तळापासून माथ्यापर्यंत उभ्या अशा या सळ्या असतात. पेंढी कितीही चांगली रचली तरी बंधाशिवाय ती उचलता येत नाही, त्यातलाच हा न्याय.

रोनन पॉइंटची गोष्ट येथे संपत नाही. कोसळलेला कोपरा पुन्हा बांधला, सांध्यांना लोखंडी कोन लावून बळकटी दिली आणि लोक पुन्हा राहायला आले. परंतु सॅम वेब नावाचे वास्तुतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत राहिले की, या इमारतीच्या सांध्यांत दोष आहेत. अखेर इमारत रिकामी करण्यात आली आणि १९८६ मध्ये ती सुरुंगाने न उडवता एकेक भाग सुटा करत उतरवली. तेव्हा सांधे प्रथमच डोळ्यांना दिसले. मसाल्याने भरलेले असायला हवे होते तेथे कित्येक ठिकाणी पोकळी होती, काही ठिकाणी तर वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले होते. म्हणजे रचनेतला दोष चौकशीत समजला, पण हातांनी केलेला दोष समजायला अठरा वर्षे लागली.

भूकंपाची परीक्षा

वजन नेहमी खाली येते. भूकंप आडवा हिसका देतो, म्हणून केवळ टेकून बसलेला भाग भूकंपात सरकतो. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात मोठा भूकंप झाला आणि सुमारे २५,००० माणसे मेली. लेनिनाकान (आजचे ग्युम्री) या शहरात दोन प्रकारच्या पूर्वनिर्मित इमारती होत्या. खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या नऊमजली इमारतींपैकी निम्म्याहून अधिक कोसळल्या. मोठ्या भिंतींच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. तेथील मऊ जमिनीमुळे उंच, लवचीक सांगाड्यांना जास्त हिसका बसला, हे एक कारण होते. दुसरे कारण सांध्यांचे. भिंतींच्या इमारतीत जोर लांबच लांब सांध्यांतून वाटला जातो. सांगाड्यात मात्र तो सगळा खांब आणि तुळई यांच्या मोजक्या भेटींवर येतो. तेथील वेल्डिंग व काँक्रीट कच्चे असेल तर खांब आणि तुळई कितीही मजबूत असून उपयोग नाही.

आपल्या देशातही हा धडा मिळाला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्याआधी थोडीच वर्षे गुजरातमध्ये पूर्वनिर्मित भागांच्या एकमजली शाळा बांधण्यात आल्या होत्या. कच्छमधील अशा अनेक शाळांची छते पडली. छताच्या फळ्या भिंतींवर पुरेशा टेकलेल्या नव्हत्या आणि त्या एकमेकींना व भिंतींना नीट बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे त्या दिवशी वर्ग भरलेले नव्हते, एवढेच सुदैव. पुढे २०१० मध्ये भारतीय मानक ब्यूरोने पूर्वनिर्मित काँक्रीटच्या इमारतींसाठी आय.एस. १५९१६ हे मानक प्रसिद्ध केले.

खोल्यांच्या पेट्या

आता याच्याही पुढची पायरी पाहू. भिंती आणि स्लॅब वेगवेगळे न आणता अख्खी खोलीच पेटीसारखी ओतायची आणि पेट्या एकमेकांवर रचायच्या. १९६७च्या जागतिक प्रदर्शनासाठी कॅनडातील माँट्रिऑल येथे मोशे सॅफ्डी या तरुण वास्तुशिल्पीने ‘हॅबिटॅट ६७’ ही वसाहत अशीच उभारली. ३५४ पेट्या एकमेकांत गुंफून १५८ घरे केली. पेट्या पुढेमागे ठेवल्यामुळे एकाचे छप्पर दुसऱ्याची बाग झाली. या पेट्या पोलादी तारांनी ताणून बांधलेल्या आहेत, आणि ती वसाहत आजही वापरात आहे. स्वस्त घरांचा नमुना म्हणून योजलेले हे काम प्रत्यक्षात बरेच महाग पडले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

भारतात १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नव्या तंत्रांच्या घरांची पायाभरणी झाली. त्यांपैकी रांचीच्या १००८ घरांसाठी खोल्याच्या खोल्या कारखान्यात ओतण्याची पद्धत निवडली गेली. महाराष्ट्रात बी. जी. शिर्के यांच्या पुण्याच्या कंपनीची ‘३-एस’ पद्धत याआधीपासूनच परिचित आहे. तीत पोकळ खांब कारखान्यात तयार होतात. जागेवर उभे केल्यावर त्यांच्या पोकळीत सळ्या बसवून काँक्रीट भरतात, आणि तुळया व स्लॅब जेथे भेटतात तेथेही सळ्या घालून काँक्रीट ओततात. म्हणजे सांधा हा उरलेला भाग न मानता मूळ रचनेचाच भाग मानला जातो.

पेट्यांच्या इमारतीत सांध्यांची जागा बदलते. पेटीच्या आतले कोपरे कारखान्यातच एकसंध झालेले असतात, म्हणून तेथील काळजी कमी. उलट दोन पेट्यांमधले सांधे आत हात घालायला जागा नसलेले, दोन भिंतींच्या मधले असतात. शिवाय चूक साचत जाते. दर मजल्याला पेटी २ मिलिमीटर एकाच बाजूला सरकली तर विसाव्या मजल्यावर ४ सेंटिमीटरचा फरक पडतो.  म्हणून प्रत्येक मजल्यावर मोजमाप करून चूक तेथल्या तेथे दुरुस्त करावी लागते. ती पुढच्या मजल्यावर ढकलता येत नाही.

हिशेबाच्या दृष्टीने

आता माझ्या विषयाकडे वळतो. समजा, एका बांधकामात ५ कोटी रुपयांचे कर्ज अडकले आहे आणि व्याज दरसाल १२ टक्के आहे. महिन्याला ५ लाख रुपये व्याज झाले. पूर्वनिर्मित पद्धतीने काम आठ महिने आधी संपले तर केवळ व्याजात ४० लाख वाचतात. भाड्याच्या घरात राहून नव्या घराची वाट पाहणाऱ्या कुटुंबाची बचत वेगळीच. या पद्धतीचा फायदा खरा आहे, आणि घरांची टंचाई असलेल्या आपल्या देशाने तिच्याकडे पाठ फिरवू नये.

परंतु जेथे प्रत्येक दिवसाला किंमत आहे, तेथे सांधा हा अडथळा वाटू लागतो. भिंत बसली की ती दिसते, तिचे बिल निघते. सांधा भरला की नाही ते दिसत नाही, आणि उद्याची भिंत तर आज भरलेल्या सांध्यावरच उभी राहायची असते. क्रेनचे भाडे तासावर चालू असते. अशा वेळी काटकसर कोठे होणार, हे सांगायला अभियंता नको.

लेखापरीक्षणात आपण नमुना-तपासणी शिकतो. सगळी व्हाउचरे न पाहता काही पाहायची. समजा, २० मजल्यांच्या इमारतीत दर मजल्यावर ४० खांब आहेत आणि प्रत्येक खांबात ८ नळ्या. एकूण ६,४०० नळ्या झाल्या. १०० पैकी ९९ बरोबर भरल्या तरी ६४ रिकाम्या राहतील. त्या इमारतभर विखुरल्या तर कदाचित निभावेल. पण चुका अशा विखरून होत नाहीत. त्या एका पाळीत, एका थकलेल्या माणसाच्या हातून, एकाच मजल्यावर होतात. आणि आणखी एक फरक आहे. तेरीज जुळली तरी खात्यांत परस्परांना झाकणाऱ्या चुका असू शकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. एकीकडे शंभर जास्त, दुसरीकडे शंभर कमी, आणि बेरीज बरोबर. इमारतीत ही सवलत नाही. तळमजल्यावरचा सांधा दुप्पट मजबूत केला म्हणून अठराव्या मजल्यावरच्या रिकाम्या सांध्याची भरपाई होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, निविदेत सांध्यांचे काम ‘किरकोळ’ या सदरात न ढकलता त्याचा दर वेगळा लावावा. प्रत्येक सांध्याला क्रमांक असावा. तो कोणी भरला, कोणत्या दिवशी भरला, ग्राउट वरच्या तोंडातून बाहेर आले ते कोणी पाहिले, याची नोंदवही असावी, आणि ती भरणारा व तपासणारा ही दोन वेगळी माणसे असावीत. रोकड सांभाळणारा आणि रोकडवही लिहिणारा एकच माणूस नसावा, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. तोच नियम येथे लावायचा. या वहीला लागणारा कागद आणि त्या दोन माणसांचा पगार हा खर्च नव्हे. रोनन पॉइंट अठरा वर्षांत उतरवावी लागली. अठरा वर्षांत पुरा घसारा लागलेली इमारत स्वस्त होती, असे कोणता हिशेबनीस म्हणेल?

ही घरे बहुतेक वेळा कोणासाठी बांधली जातात, तेही लक्षात ठेवू या. रोनन पॉइंटमध्ये राहणारे लोक नगरपालिकेचे भाडेकरू होते. कच्छमधील शाळा खेड्यांतील मुलांसाठी होत्या. आपल्याकडेही अशी पुष्कळ घरे अल्प उत्पन्न गटासाठी आहेत. ही माणसे इमारत निवडत नाहीत. मिळेल ती चावी घेतात आणि आनंदाने राहायला जातात. भिंतीचा रंग ती पाहू शकतात, नळाला पाणी आहे का ते पाहू शकतात. सांध्याच्या आत पाहण्याचा मार्ग त्यांच्याजवळ नसतो. ते पाहण्याचे काम अभियंत्याचे, कंत्राटदाराचे, तपासनिसाचे आणि बिल मंजूर करणाऱ्या लेखापालाचे आहे. आपल्यापैकी कित्येक जण उद्या त्या शेवटच्या खुर्चीवर बसतील. सही करण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: भिंती किती उभ्या राहिल्या ते कळले, सांधे किती भरले?